औषधानं यकृत बिघडलं, हे यंत्राला कसं कळावं?

१९९३ साली अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संशोधन संस्थेत हिपॅटायटिस बीवरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. औषधाचं नाव फियालुरिडीन. ते घेणारे रुग्ण होते १५. त्याआधी उंदीर, कुत्री, माकडं यांच्यावर ते तपासून झालं होतं आणि यकृताला धोका आहे असं कुठंही दिसलं नव्हतं. चाचणीतही सुरुवातीचे काही आठवडे ठीक गेले. मग एका रुग्णाची प्रकृती अचानक ढासळली. डॉक्टरांनी सगळ्यांचंच औषध ताबडतोब थांबवलं, पण तोवर उशीर झाला होता. एकूण ७ जणांचं यकृत निकामी झालं. त्यातले ५ दगावले, दोघं यकृत बदलल्यामुळे वाचले.

कारण पुढे हळूहळू उलगडलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि फियालुरिडीन नेमकं त्या डीएनएत जाऊन बसत होतं. माणसाच्या मायटोकाँड्रियाच्या आवरणात या औषधाला आत घेणारं एक वाहक प्रथिन असतं, उंदराच्या नसतं. म्हणजे उंदरांवरची चाचणी चुकली नव्हती. उंदरांपुरता तिचा निष्कर्ष अगदी बरोबर होता.

फियालुरिडीन निदान बाजारात यायच्या आधीच थांबलं. सगळ्या औषधांचं तसं होत नाही. मधुमेहावरचं ट्रोग्लिटाझोन अमेरिकेत १९९७ मध्ये विक्रीला आलं आणि २००० मध्ये मागे घ्यावं लागलं. ब्रोमफेनॅक ही वेदनाशामक गोळी १९९७ मध्ये आली आणि १९९८ मध्ये गेली. (डोळ्यांत घालायचे थेंब म्हणून ब्रोमफेनॅक अजून वापरतात. थेंबांतून रक्तात जाणारं प्रमाण अगदी नगण्य असतं.) रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं झायमेलागाट्रान २००६ मध्ये मागे घेतलं गेलं. तिन्ही वेळा कारण एकच, यकृत.

आता या सगळ्या रेणूंची रचना संगणकात आहे, लाखो रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट संगणकात आहेत, दुष्परिणामांच्या नोंदीही आहेत. मग कृत्रिम बुद्धिमत्तेला हे आधीच ओळखता येणार नाही का? येतं, पण सगळं नाही. कुठं येतं आणि कुठं अडतं हे कळायला आधी यकृताकडे जावं लागेल.

यकृतच का?

तोंडानं घेतलेलं औषध आतड्यात शोषलं गेलं की थेट सगळ्या शरीरात पसरत नाही. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. बरीच औषधं तेलात विरघळणारी असतात, त्यामुळे ती लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत. यकृतातली एन्झाइम त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करून ती पाण्यात विरघळतील अशी बनवतात. या प्रक्रियेत कधीकधी मूळ औषधापेक्षा घातक असा एखादा मधलाच पदार्थ तयार होतो. तो जिथं तयार होतो, तिथंच पहिला घाव घालतो.

पॅरासिटामॉलचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. नेहमीच्या डोसमध्ये त्याचा बहुतेक भाग यकृत दोन साध्या मार्गांनी निरुपद्रवी करून टाकतं. थोडासा भाग मात्र सीवायपी२ई१ नावाच्या एन्झाइमच्या वाट्याला येतो आणि त्यातून एनएपीक्यूआय हा विषारी पदार्थ बनतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा एक रेणू साठवलेला असतो, तो या विषाला लगेच जखडून टाकतो. सगळं सुरळीत. पण डोस फार झाला की ते दोन साधे मार्ग अपुरे पडतात, जास्त औषध तिसऱ्या वाटेनं जातं आणि ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग हे विष पेशींच्या प्रथिनांना, त्यातही मायटोकाँड्रियातल्या प्रथिनांना, चिकटत सुटतं आणि पेशी मरू लागतात. एन-अॅसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. जास्त डोस पोटात गेल्यापासून ८ तासांच्या आत तो दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही नेहमीची कमाल मर्यादा मानतात. सर्दी-तापाच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या घेणाऱ्याची बेरीज त्याच्या नकळत होत असते.

या प्रकारच्या इजेला हिशोब आहे. डोस वाढला की इजा वाढते, प्राण्यांत दिसते, काचपात्रातल्या पेशींत दिसते, गणिती समीकरणांत मांडता येते. संगणकाला शिकवायला हा भाग सोपा.

खरा घोळ दुसऱ्या प्रकारात आहे. एकच औषध, एकच डोस, हजारो लोकांना काहीही होत नाही आणि एखाद्यालाच कावीळ होते. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनेट हे जोड-प्रतिजैविक जगभर भरपूर वापरलं जातं. आइसलँडमधल्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ते घेणाऱ्या साधारण २,३५० लोकांमागे एकाच्या यकृताला त्यामुळे इजा झाल्याचं दिसलं. बऱ्याचदा ही कावीळ कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी उमटते, म्हणजे रुग्ण गोळ्या विसरून गेलेला असतो तेव्हा. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडचं वेगळंच आहे. ते घेणाऱ्या १० ते २० टक्के लोकांत यकृताची एन्झाइम रक्तात थोडी वाढतात, आणि औषध चालू ठेवूनही बहुतेकांची आपोआप खाली येतात. यकृत जुळवून घेतं. मोजक्या लोकांत ते जुळवून घेत नाही आणि प्रकरण गंभीर होतं. सुरुवातीच्या रिपोर्टात हे दोन्ही गट सारखेच दिसतात.

असं का होतं, याची उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळाली आहेत. कुणाच्या शरीरात औषधाचा मधला पदार्थ एखाद्या प्रथिनाला चिकटतो आणि रोगप्रतिकारक यंत्रणा त्या जोडीला परकं समजून हल्ला करते. कुणाच्या बाबतीत पित्त बाहेर टाकणारा पंप औषधामुळे अडतो. कुणाची मायटोकाँड्रिया आधीच कमजोर असतात. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात, म्हणून तर हे इतकं विरळ.

विरळ म्हणजे किती त्रासदायक

संख्याशास्त्रात एक साधा ठोकताळा आहे. ३,००० लोकांना औषध दिलं आणि एकालाही त्रास झाला नाही, तर एवढंच म्हणता येतं की त्रासाचं प्रमाण बहुधा हजारात एकापेक्षा जास्त नाही. याला तीनचा नियम म्हणतात: जितके लोक तपासले त्यांना ३ नं भागायचं. उलटं धरा. एखाद्या औषधानं १०,००० मध्ये एकाचं यकृत बिघडत असेल, तर चाचणीत निदान एक रुग्ण सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास ३०,००० लोक घ्यावे लागतील. बाजारात यायच्या आधी बहुतेक औषधं काही हजार लोकांवरच तपासली जातात. म्हणजे सगळं नियमानं, प्रामाणिकपणे केलं तरी हा त्रास चाचणीच्या जाळ्यातून सुटतो आणि विक्री सुरू झाल्यावर दिसतो. ट्रोग्लिटाझोनसारख्या प्रकरणांत कंपन्यांच्या आणि नियामकांच्या वागण्यावर टीका होते ती व्हायलाच हवी. पण चाचणीचा आकार ही अडचण त्यांच्या हेतूंवर अवलंबून नाही.

मशीन लर्निंगलाही हीच विरळता नडते. यंत्र उदाहरणांवरून शिकतं. मांजराचा फोटो ओळखायला शिकवायचं तर मांजराचे लाखो फोटो मिळतात आणि हे मांजरच आहे यावर कुणाचं दुमत नसतं. इथं उदाहरणं थोडी आहेत, आणि त्यातल्या कितीकांवर तज्ज्ञांचंच एकमत नाही.

मला विचाराल तर या सगळ्या विषयाची मेख इथं आहे. यंत्राची बुद्धी कमी पडत नाही. त्याला शिकवायला जी उत्तरपत्रिका द्यायची, तीच खाडाखोडीनं भरलेली आहे.

उत्तरपत्रिका कशी तयार होते

औषधामुळे यकृताला इजा झाली, हे सांगणारी एकही रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. डॉक्टर बाकीची कारणं एकेक करून बाद करतात: विषाणूंमुळे होणारी कावीळ, दारू, पित्तखडे, यकृतावर शरीरानंच केलेला हल्ला, रक्तदाब कोसळल्यामुळे यकृताला कमी पडलेला ऑक्सिजन. हे सगळं नाही असं दिसलं, वेळेचा हिशोब जुळला, औषध थांबवल्यावर आकडे उतरले, तर संशय पक्का होतो.

रक्ताच्या रिपोर्टात दोन आकडे आधी पाहतात. एएलटी, ज्याला अनेक लॅब अजून एसजीपीटी म्हणतात, तो यकृताच्या पेशी फुटल्या की वाढतो. अल्कलाइन फॉस्फटेज पित्ताची वाट अडली की वाढतं. समजा एखाद्याचा एएलटी ६०० आला आणि लॅबची वरची मर्यादा ४० आहे. म्हणजे १५ पट. अल्कलाइन फॉस्फटेज १८० आलं आणि मर्यादा १२०, म्हणजे दीडपट. १५ ला दीडनं भागलं की १०. हे गुणोत्तर ५ किंवा जास्त असेल तर घाव मुख्यतः पेशींवर, २ किंवा कमी असेल तर पित्तमार्गावर, मधलं असेल तर मिश्र. ठरावीक औषधं बहुधा ठरावीक प्रकारचा घाव करतात, म्हणून हा आकडा तपासाला दिशा देतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे १९९३ साली मांडलेली रुकॅम ही गुणपद्धत. औषध सुरू केल्यापासून किती दिवसांनी त्रास झाला, थांबवल्यावर एएलटी किती झपाट्यानं उतरला, सोबत दुसरं संशयित औषध होतं का, अशा प्रश्नांना अधिक-उणे गुण द्यायचे. बेरीज ९ किंवा त्याहून जास्त आली तर औषधच कारण असण्याची शक्यता फार मोठी, ६ ते ८ आली तर बऱ्यापैकी, ३ ते ५ आली तर असू शकतं. पद्धत नीटस वाटते, पण त्याच रुग्णाची तीच कागदपत्रं दोन तज्ज्ञांना दिली तर बेरीज वेगवेगळी येऊ शकते. कागदपत्रांत विषाणूची एखादी तपासणीच केलेली नसते, औषध कधी सुरू केलं त्याची तारीख नसते. मग अंदाजानं गुण पडतात.

औषधांच्या पातळीवरही हेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, डिलीरँक नावाची एक यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. या विषयावरच्या बऱ्याच मॉडेलांचं, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या संगणक-प्रणालींचं, प्राथमिक शिक्षण याच यादीवर होतं. त्यात १,०३६ औषधं आहेत. १९२ जास्त काळजीची, २७८ कमी काळजीची, ३१२ काळजी नसलेली, आणि २५४ अशी की त्यांच्याबद्दल ठामपणे काहीच सांगता येत नाही. चौथा हिस्सा अनिश्चित! आणि 'काळजी नसलेली' याचाही अर्थ जपून घ्यावा लागतो. एखादं औषध सौम्य असल्यामुळे त्या रकान्यात असेल किंवा फार थोड्या लोकांनी ते घेतलं असल्यामुळेही असेल. यंत्राला हा फरक कुणी सांगितलेला नसतो.

एका मिथाइलची गोष्ट

मॉडेलाला रेणू शिकवायचा म्हणजे काय करायचं? जुनी पद्धत अशी की रेणूत कोणकोणते तुकडे आहेत याची हो-नाही अशी लांबलचक यादी करायची. नवी पद्धत रेणूकडे जाळं म्हणून पाहते. अणू म्हणजे गाठी, बंध म्हणजे धागे, आणि न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली गणिती रचना, प्रत्येक गाठीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची माहिती गोळा करत पूर्ण रेणूचं चित्र बनवतं. दोन्ही पद्धतींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: दिसायला सारखे रेणू वागायलाही सारखे असतील.

आता हे पाहा. ब्रिटनमध्ये १९६६ साली आयबुफेनॅक नावाचं सांधेदुखीवरचं औषध आलं. यकृताच्या त्रासामुळे ते १९६८ मध्ये मागे घेतलं. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत बनलेलं, त्याच्यापेक्षा फक्त एक मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा तुकडा) जास्त असलेलं दुसरं औषध १९६९ मध्ये तिथंच बाजारात आलं. ते म्हणजे आयबुप्रोफेन. आज ते जगात कुठंही मिळतं आणि यकृताच्या बाबतीत बऱ्यापैकी सुरक्षित समजलं जातं. ट्रोग्लिटाझोन गेलं, पण त्याच घराण्यातलं पायोग्लिटाझोन अजून दिलं जातं. कंपवातावरच्या टोल्कापोनला यकृतासाठी कडक इशारे आहेत, त्याचा भाऊ एन्टाकापोनला तसे नाहीत. रचनेवरून शिकणाऱ्या यंत्राची खरी परीक्षा अशा जोड्यांवर होते.

परीक्षेचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी सांगतो. मॉडेल 'इतके टक्के अचूक' असल्याचे दावे वाचताना परीक्षेचा पेपर कुणी काढला ते पाहावं. शिकवायची आणि परीक्षेची औषधं चिठ्ठ्या टाकून वाटली, तर एकाच घराण्यातली भावंडं दोन्हीकडे जातात. मग यंत्राला यकृताचं काही कळत नसलं तरी चालतं. घराण्याचा चेहरा ओळखला की उत्तर येतं. पूर्ण घराणीच परीक्षेसाठी बाजूला ठेवली की तेच मॉडेल बऱ्याचदा धापा टाकायला लागतं. नवीन औषध बनवणाऱ्याला मात्र कधीही न पाहिलेल्या रेणूबद्दलच विचारायचं असतं.

म्हणून नुसत्या रचनेवर थांबून चालत नाही. डोस फार मोलाचा निघाला. एफडीएच्याच संशोधकांनी २०१३ मध्ये एक साधा नियम मांडला: रोजचा डोस १०० मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि औषध तेलात चांगलंच विरघळणारं, असं दोन्ही असेल तर यकृताला धोका होण्याची शक्यता लक्षणीय वाढते. या नियमाला ना न्यूरल नेटवर्क लागतं ना महागडं यंत्र. आजची बरी मॉडेलं यात आणखी भर घालतात: औषध पित्ताचा पंप किती अडवतं, मायटोकाँड्रियाला किती त्रास देतं, घातक मधले पदार्थ बनवतं का, रक्तात त्याचं प्रमाण किती चढतं. प्रयोगशाळेतून आलेले हे आकडे आणि रेणूची रचना एकत्र दिली की यंत्राच्या उत्तराला काही आधार मिळतो. कंपन्या त्याचा वापर निवाड्यासाठी करत नाहीत. शेकडो होतकरू रेणूंपैकी आधी कोणते बारकाईनं तपासायचे, हा क्रम लावायला करतात. माझ्या मते तो अगदी योग्य उपयोग आहे. रांगेतला क्रम चुकला तर वेळ वाया जातो, माणूस नाही.

चित्रं आणि कागदपत्रं

चित्रं हा यंत्राचा हातखंडा. काचपात्रातल्या यकृत-पेशींना औषध द्यायचं, पेशीच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे चमकणारे रंग लावायचे आणि सूक्ष्मदर्शकातून हजारो फोटो काढायचे. केंद्रक आक्रसलं का, मायटोकाँड्रिया विखुरली का, चरबीचे थेंब साठले का, हे मॉडेल प्रत्येक पेशीत मोजतं. प्राण्यांच्या यकृताच्या काचपट्ट्या वाचतानाही तसंच. मेलेल्या पेशींचे पट्टे, सूज, चरबी हे सगळं यंत्र न थकता, प्रत्येक पट्टीला सारखाच निकष लावून मोजतं. इथं प्रश्न नेमका असतो आणि उत्तर डोळ्यांनी पडताळता येतं. म्हणून हा भाग गाजावाजा न करता चांगला चाललाय.

मजकुराचा उपयोग त्याहून जुना आहे. दुष्परिणामांच्या जागतिक नोंदी स्वीडनमधल्या उप्सालात ठेवल्या जातात. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली, त्या शोकांतिकेनंतर १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा उपक्रम सुरू केला, आणि आज त्यात कोट्यवधी नोंदी आहेत. एखाद्या औषधासोबत कावीळ अपेक्षेपेक्षा जास्त वेळा नोंदली जातेय का, हे शोधायला तिथं १९९८ मध्येच न्यूरल नेटवर्कवर आधारलेली पद्धत वापरात आली होती. हे लिहायचं कारण एवढंच, की आरोग्यक्षेत्रात एआय कालपरवा अवतरलं असं बोललं जातं तसं ते नाही.

नवं काय आहे, तर हाती लिहिलेल्यासारख्या मोकळ्या मजकुरातून अर्थ काढणारी भाषा-मॉडेलं. हॉस्पिटलांत आजारांना सांकेतिक क्रमांक देतात. औषधं किंवा विषामुळे झालेल्या यकृताच्या आजाराचा क्रमांक के७१. पण तो टाकायचा राहून जातो, नाहीतर नुसतीच 'कावीळ' नोंदवलेली असते. खरी माहिती डॉक्टरांच्या टिपणात असते: 'गोळ्या बंद केल्या, आठवड्यानं एसजीपीटी निम्म्यावर.' अशी वाक्यं लाखो कागदांतून हुडकून काढणं माणसाला शक्य नाही, यंत्राला आहे. उत्तरपत्रिका दुरुस्त करायचं हे काम मला या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्याची बातमी क्वचितच होते.

इथं दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की भाषा-मॉडेलानं जगभरचं वाचन केलेलं असतं, त्यामुळे बदनाम औषधांची नावं त्याला पाठ असतात. पाच गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या कागदांत त्याची नजर आधी नाव झालेल्या औषधाकडे जाऊ शकते आणि सहाच महिन्यांपूर्वी बाजारात आलेलं खरं गुन्हेगार औषध सुटू शकतं. नव्या धोक्याचा सुगावा लावायला बसवलेलं यंत्र जुन्याच संशयितांना धरू लागलं तर काय उपयोग? दुसरा खळगा जास्त फसवा. हॉस्पिटलच्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलाला कळतं की रोज एलएफटी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासण्या, सांगितलेल्या रुग्णांचं यकृत बहुधा बिघडलेलं असतं. म्हणजे ते यकृताला न वाचता डॉक्टरांची काळजी वाचत असतं. निकाल छान येतात, आणि ज्या रुग्णाची कुणालाच काळजी वाटली नव्हती, ज्याच्यासाठी यंत्र हवं होतं, तिथं ते गप्प बसतं.

माझ्या यकृताचं काय?

सगळ्यांना खरी उत्सुकता याची असते: हे औषध मला बाधेल का? जनुकांकडून थोडं उत्तर मिळतं. फ्लुक्लोक्सासिलिन या प्रतिजैविकानं होणाऱ्या काविळीचा संबंध २००९ मध्ये एचएलए-बी*५७:०१ या जनुकीय प्रकाराशी जोडला गेला. तो असलेल्या माणसाचा धोका जवळपास ८० पट. ऐकून कुणीही म्हणेल, मग सगळ्यांची तपासणी करून टाका! पण तो प्रकार असूनही हे औषध घेणाऱ्या ५०० ते १,००० लोकांत एखाद्यालाच त्रास होतो. बाकीच्या सगळ्यांना औषध विनाकारण नाकारलं जाईल.

हेच गणित यंत्रालाही चुकत नाही. एखादा त्रास १०,००० मध्ये एकाला होतो असं समजू. आपल्याकडे एक विलक्षण मॉडेल आहे: धोका असलेल्या १०० पैकी ९९ जणांना ते बरोबर ओळखतं आणि धोका नसलेल्या १०० पैकी ९९ जणांना बरोबर सोडतं. असं मॉडेल आज कुणाकडेही नाही, पण धरून चालू. १ लाख लोक तपासले. त्यांच्यात धोक्याचे १०, ते बहुतेक सगळे पकडले जातील. उरलेल्या ९९,९९० मधल्या १ टक्क्याला, म्हणजे सुमारे १,००० जणांना, चुकीचा इशारा जाईल. म्हणजे ज्याला इशारा मिळाला त्याला खरोखर धोका असण्याची शक्यता शंभरात एक. उलट 'कुणालाच काही होणार नाही' असं डोळे मिटून सांगणारं यंत्र ९९.९९ टक्के अचूक ठरेल आणि एकाही रुग्णाच्या कामाला येणार नाही. अचूकतेच्या टक्केवारीवर या विषयात विश्वास ठेवू नये तो याच कारणानं.

त्यापेक्षा त्रास सुरू झाल्यावर तो कुठल्या वळणाला जाईल, हा प्रश्न यंत्रासाठी सोपा आहे, कारण तोवर गाळणी लागलेली असते. तिथंही प्रतिस्पर्धी तगडा आहे. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञांच्या निरीक्षणावरून आलेला 'हायचा नियम' सांगतो की एएलटी तिपटीहून जास्त, बिलिरुबिन (काविळीत अंग पिवळं करणारं रंगद्रव्य) दुपटीहून जास्त, पित्ताची वाट मोकळी आणि दुसरं कारण सापडत नाही, अशा रुग्णांपैकी साधारण दहातला एक किंवा त्याहून जास्त दगावू शकतात किंवा त्यांना यकृत बदलावं लागतं. एफडीएच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत या नियमाला मानाचं स्थान आहे. भारी मॉडेलांनी आधी रक्ताच्या या दोन आकड्यांना हरवून दाखवावं, मग पुढचं बोलू. तोवर डोळे पिवळे होणं, गडद लघवी, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं यातलं काही नव्या औषधासोबत सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारणं हाच उपाय. क्षयासारख्या आजाराच्या गोळ्या मनानं बंद करणंही तितकंच घातक असतं.

चिपवरचं यकृत

उत्तरपत्रिका मुळातूनच नव्यानं लिहायचा एक प्रयत्न सध्या चालू आहे. माणसाच्या यकृताच्या पेशी एका छोट्या चिपवर वाढवायच्या, त्यांच्यावरून रक्तासारखा द्रव वाहता ठेवायचा आणि औषध देऊन पाहायचं. एम्युलेट या अमेरिकी कंपनीनं २०२२ मध्ये २७ औषधांवर अशा ८७० चिप वापरल्या. यकृताला इजा करणाऱ्या औषधांपैकी ८७ टक्के त्यांनी ओळखली आणि निरुपद्रवी औषधांपैकी एकावरही खोटा आळ घेतला नाही. अर्थात निरुपद्रवी औषधं त्या चाचणीत मोजकीच होती. त्यातली बरीच विषारी औषधं प्राण्यांवरच्या चाचणीतून सुखरूप सुटलेली होती, हे महत्त्वाचं. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेनं कायदा बदलून माणसांवरच्या चाचणीआधी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे ही अट काढली, आणि २०२४ मध्ये एफडीएनं ही चिप आपल्या मूल्यमापन कार्यक्रमात घेतली.

यंत्राला शिकवायला हे उत्तम खाद्य. माणसाच्याच पेशी, ठरवून दिलेला डोस, तासातासाचे फोटो, कुठली तारीख हरवलेली नाही. २०२० मध्ये संशोधकांच्या एका गटानं वेगवेगळ्या लोकांच्या पेशींपासून यकृतासारखे पेशींचे इवलेसे गोळे वाढवले आणि दाखवलं की धोका एखाद्याच जनुकात नसून अनेक जनुकांच्या छोट्या छोट्या हिश्शांत विखुरलेला असतो, आणि त्या हिश्शांची बेरीज जास्त असलेल्यांच्या पेशी औषधाला लवकर बळी पडतात. अशी बेरीज करणं हे यंत्राचं काम.

मात्र त्या चिपवर शरीराची शिकणारी प्रतिकारयंत्रणा नाही. औषधाची ओळख पटवून दोन-तीन आठवड्यांनी हल्ला करणाऱ्या टी-पेशी तिथं नाहीत, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटची उशिरा उमटणारी कावीळ बहुधा त्यांच्यामुळेच होते. त्या पेशी चिपवर आणायचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. त्यासाठी यकृत आणि टी-पेशी एकाच माणसाच्या घ्याव्या लागतात, नाहीतर त्या औषधाशिवायच एकमेकांवर तुटून पडतात.